घर कुठं घ्यायचं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, संस्थेच्या सभागृहात झालेले भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला होता 'पन्नाशीनंतरचं आरोग्य'. पण रक्तदाब आणि साखर यावर मी तुम्हाला जिन्यात, लिफ्टच्या दारात, भाजीच्या गाडीवर इतकं ऐकवलं आहे, की आज विषय बदलायची परवानगी मागून घेतली.

त्याला कारण झाला आमच्या मुलीचा फोन. तिला मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात संशोधनाची नोकरी मिळाली. नवरा, तीन वर्षांची नात आणि ती, असे सगळे जाणार. विद्यापीठाचं मोठं आवार क्लेटन नावाच्या उपनगरात आहे, मूळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर. तिनं इंटरनेटवरून पंचवीस-तीस उपनगरांची यादी काढली, आणि रात्री अकराला फोन करून विचारलं, "आई, राहायचं कुठं?"

मी मेलबर्न बघितलेलं नाही. पण हा प्रश्न मी ओळखते. 2005 साली हाच प्रश्न आमच्या घरात चार महिने जेवायला बसत होता.

आम्ही मूळचे लातूरचे. मी तिथं एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. हे ज्युनिअर कॉलेजला फिजिक्सला. घरात सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. 2005 साली इथल्या कृष्णा इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी मला तिथली नेमणूक मिळाली. माझ्या कामाच्या दृष्टीनं फार मोठी संधी. पण लातुरात ज्याला सांगावं तो कपाळाला हात लावायचा. "अहो मॅडम, उभ्या महाराष्ट्रातली पोरं शिकायला लातूरला येतात आणि तुम्ही लेकीला घेऊन लातूर सोडता?" लातूर पॅटर्नचे ते भराचे दिवस. यांच्या शिकवणीला खोलीत बसायला जागा नसायची. ती शिकवणी, ते नाव, सगळं सोडून हा माणूस बायकोच्या नोकरीसाठी निघाला होता. लोक तोंडावर बोलत नव्हते, पण बोलत होते. ते आम्हाला ऐकू येत होतं.

आता आमची पहिली चूक सांगते, कारण दुसऱ्याची चूक ऐकायला फुकट असते.

मे महिन्यात आम्ही दोघं कराडला घर बघायला आलो. एक दिवसाची रजा. एका एजंटानं नदीकडच्या बाजूच्या पेठेत जुन्या वाड्यातल्या तळमजल्याच्या तीन खोल्या दाखवल्या. मंडई हाकेच्या अंतरावर, शाळा चालत पाच मिनिटं, संध्याकाळी प्रीतिसंगमाचा घाट. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना तिच्या समोरून येते आणि दोघी समोरासमोर भेटून पूर्वेला वळतात. यशवंतरावांच्या समाधीपाशी आम्ही बसलो होतो, वारा सुटला होता. मे महिन्यातली नदी ती, गरीब गाईसारखी. मी म्हटलं, हेच घर. तिथल्या तिथं इसार दिला.

जूनमध्ये सामान घेऊन आलो. सासूबाई वाड्याच्या दारात उभ्या राहिल्या, हातानं भिंत चाचपली आणि म्हणाल्या, "दगड-मातीची हाय की ही भीत." तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काय केलं.

सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपलेली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. चार वाजायच्या आत सगळं खाली आलं. त्यांचा भाऊ, भावजय आणि एक भाचा त्यात गेले. त्यानंतर त्या कधी दगड-मातीच्या घरात झोपल्या नव्हत्या. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण घर निवडताना आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. शाळा बघितली, मंडई बघितली, भाडं बघितलं. त्या घरात दिवसाचे चोवीस तास राहणार होत्या त्या, आणि त्यांनाच विचारायचं राहून गेलं.

त्यात शेजारच्या आजींनी मायेनं माहिती पुरवली, की 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा इथंही लोक रस्त्यावर झोपत होते. झालं! सासूबाईंनी ओसरीवर दाराजवळ अंथरूण टाकलं ते टाकलंच.

मग जुलैचा शेवटचा आठवडा आला. 26 जुलै 2005 म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते. पण त्याच पावसात इकडं घाटमाथ्यावरही आभाळ फाटलं होतं. आपल्याकडं नदी दोन पावसांनी वाढते. एक आपल्या डोक्यावर पडणारा, आणि दुसरा पन्नास-साठ किलोमीटर वर कोयनेच्या धरणावर पडणारा. गावात पाऊस उघडला म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं, हे नदीकाठच्या माणसाला उपजत कळतं. आम्ही मराठवाड्याची माणसं. आम्हाला पाणी न येण्याची भीती माहीत होती, पाणी येण्याची नव्हती. लातुरात आठ-आठ दिवस नळाची वाट बघितलेली आम्ही. पाणी दारात आलं, तरी पहिली पाच मिनिटं आम्ही नुसतं बघत उभे होतो.

रिक्षावरचा भोंगा सांगत होता, "सखल भागातल्या नागरिकांनी..." सासूबाईंना आणि मुलीला आधी काढलं. मग कपडे, मग कागद. यांच्या हस्तलिखित नोट्सच्या दोन पेट्या पलंगाखाली होत्या. बारा वर्षांच्या शिकवणीचं सार. त्या राहिल्या. चौथ्या दिवशी पेट्या उघडल्या तेव्हा शाईचा एकसारखा निळा लगदा होता. हे काही बोलले नाहीत. गॅलरीत दोरी बांधून एकेक पान वाळत घालायचा प्रयत्न केला, आणि दुपारनंतर तोही सोडून दिला.

त्या सहा दिवसांत आम्हाला आसरा कुणी दिला? आमच्या विभागातल्या शिपाईमामांनी. आगाशिवनगरमध्ये त्यांचं दोन खोल्यांचं घर. नोकरीवर येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांच्या घरच्या ताईंनी सासूबाईंना न विचारता मऊ भात टाकला. तिथं त्या कितीतरी दिवसांनी आत, भिंतीजवळ झोपल्या. सकाळी मला म्हणाल्या, "पाण्यापासून माणूस पळून तरी जातंय बाई. भितीखाली गावल्यावर कुठं पळावं? आता घर बघाल तर मला संगं न्या."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिघं. स्कूटरवर हे दोघं मायलेक, मी मागून रिक्षानं, आणि मुलगी माझ्या मांडीवर. यांनी वहीत तक्ता आखला. उभ्या रकान्यात जागा, आडव्या रकान्यात प्रश्न, प्रत्येकाला दहापैकी मार्क. फिजिक्सचा मास्तर!

गावातल्या पेठा बाद झाल्या होत्या. मग विद्यानगर. कृष्णेचा पूल ओलांडला की सैदापूरच्या हद्दीत हे विद्येचं माहेरघर. सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज 1954 चं, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1960 चं, आणखी कितीतरी. शांत रस्ते, प्राध्यापकांचे बंगले, पोरापोरींच्या सायकली. पुढं ओगलेवाडी. ओगल्यांचा काचेचा कारखाना आणि प्रभाकर कंदील यांनी देशभर पोचवलेलं नाव. कराडचं रेल्वे स्टेशनही तिथंच. मोकळी जागा, पलीकडं सदाशिवगड, आणि घरं आपल्या खिशाला परवडणारी. आणि हायवेला लागून मलकापूर-आगाशिवनगर. माझी नोकरी तिथली. मागं आगाशिवाचा डोंगर आणि त्यातली लेणी. पण त्या वेळी मलकापूरला ग्रामपंचायत होती. रस्ते निम्मे कच्चे, गटारं उघडी, बंगल्याशेजारी उसाचं रान.

मार्कांची बेरीज केली. विद्यानगर पहिलं, तेही भरपूर फरकानं. त्यात एक गोष्ट आणखी होती. यांना काम मिळण्याची शक्यता होती ती विद्यानगरच्या कॉलेजांतच. म्हणजे माझी नोकरी नदीच्या या तीरावर, यांची आशा त्या तीरावर, आणि मध्ये पूल.

खरं सांगते, त्या रात्री आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी लातूर सोडलंत, आता घर तुमच्या सोयीचं घेऊ." हे म्हणाले, "नोकरी आहे ती तुझी. माझी अजून वहीतसुद्धा नाही." दोघंही एकमेकांसाठी भांडत होतो, पण आवाज भांडणाचाच होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या वहीत एक रकाना ऱ्हायलाय. रातीला काय झालं तर पळत कोण येईल, ते लिवा."

तो रकाना भरताना पेन थांबलं. कारण त्याचं उत्तर एकाच ठिकाणी होतं. शिपाईमामांचं घर आगाशिवनगरला, विभागातल्या चार जणी मलकापुरात, दवाखाना हाकेवर. आणि पावसाळ्यात नोकरी आणि घर यांच्यामध्ये नदी नको, हे आम्ही ओल्या कपड्यांनी शिकलो होतो. मार्कांत दुसरं आलेलं उपनगर आम्ही घेतलं. पूल ओलांडायचं काम यांनी आपल्याकडं घेतलं, आणि पुढं सतरा वर्षं रोज ओलांडला.

उपनगर ठरलं, मग घर. ते शोधताना काय बघितलं, तेवढं नव्या सभासदांसाठी आणि आमच्या लेकीसाठी थोडक्यात सांगते.

एक, घर तीन वेळा बघावं. सकाळी पाण्याच्या वेळी, साडेनऊला कामावर जायच्या गर्दीत, आणि रात्री पाऊस चालू असताना. आपली बिल्डिंग मी भर पावसात रात्री नऊला बघितली. आवारात पाणी साचलं नव्हतं, जिन्यात दिवा होता, आणि दोन बायका पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. त्या शेंगांना मी दहापैकी दहा दिले.

दोन, पाण्याचं विकणाऱ्याला विचारू नये, भरणाऱ्या बाईला विचारावं. विकणारा म्हणतो "भरपूर". ती सांगते "सव्वासहा ते सात, आणि वरच्या मजल्याला शेवटी धार बारीक होते."

तीन, पूररेषा. नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा मिळाला नाही, तर गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं, "पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो.

चार, बांधकाम. कोयनेचा परिसर त्या वेळच्या नकाशात भूकंप क्षेत्र चारमध्ये. विद्यानगरच्या एका स्थापत्य अभियंत्याला आम्ही चहावर बोलावून आणलं. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य अजून लक्षात आहे: खाली नुसते खांब आणि गाड्या, वर सगळं वजन, अशी इमारत दिसली तर ते खांब आणि त्यांच्यामधल्या भिंती आधी नीट तपासून घ्या. आपल्या इमारतीचे खांब, तुळया त्यांनी ठोकून बघितले, नकाशा मागवला, आणि मग सासूबाईंकडं वळून म्हणाले, "आजी, निवांत झोपा." सासूबाईंनी त्यांनाही उलटतपासणी घेऊनच सोडलं.

पाच, कागद. बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, आणि जुन्या सदनिकेत मूळ शेअर सर्टिफिकेट व थकबाकी नसल्याचा दाखला. आणि सगळ्यात मोठं, जमीन कुणाच्या नावावर आहे? आजही कितीतरी सोसायट्यांत लोक वीस-वीस वर्षं राहतात आणि जमीन बिल्डरच्याच नावावर असते. आपल्या संस्थापक कमिटीनं पहिल्या चार वर्षांत चकरा मारून अभिहस्तांतरण करून घेतलं. बँकेच्या वकिलानं फाईल बघून आम्हाला सांगितलं होतं, "या सोसायटीचे कागद बघून बरं वाटतं." ते जुने सभासद आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा.

2006 च्या जानेवारीत आम्ही इथं आलो. मूळ सभासद पुण्याला मुलाकडं गेले, त्यांची सदनिका आम्ही घेतली. सामान टेंपोतून उतरत असताना शेजारून पिठलं-भाकरी आली. संध्याकाळी तेव्हाचे चेअरमन आले, म्हणाले, "सर, सभागृह संध्याकाळी रिकामंच असतं. पोरांना शिकवायचं असेल तर बसा." यांना पक्की नोकरी लागायला अजून दीड वर्ष होतं. ते दीड वर्ष घरात बसून काढावं लागलं असतं, तर आमचं घर टिकलं असतं, पण माणूस आतून मोडला असता. याच सभागृहात, याच फळ्यावर, सात पोरांची शिकवणी सुरू झाली. भिजलेल्या नोट्स यांनी पुन्हा पहिल्या पानापासून लिहिल्या. त्या सातांपैकी तिघं आज इथं आहेत, एक तर कमिटीवर आहे.

गाव पुढं वाढत गेलं. 2008 साली मलकापूरची नगरपंचायत झाली. मग चोवीस तास पाण्याची योजना आली. नळाला मीटर, वापराल तेवढं बिल. ती योजना बघायला बाहेरून माणसं येऊ लागली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी दुपारी दोनला तोटी सोडली, पाणी आलं, बंद केली. तीनला सोडली, आलं. रात्री बाराला उठून सोडली. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाल्या, "बघते, खोटं तर बोलत न्हाईत ना."

त्यांनी पिंप मात्र कधी रिकामं ठेवलं नाही. लातूरची सवय.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी गेलं. तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं असेल. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, "आपल्या नळाला कोयनेचं पाणी येतं, तीच कोयना संगमावर कृष्णेला मिळते, आणि तेच पाणी खाली मिरजेला जाऊन तिथून गाडीनं लातूरला चाललंय." त्या बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आपुन लई लांब आलो न्हाई."

अकरा वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना त्यांच्या गावातून उपटून आणलं. त्या एका वाक्यानं माझ्या मनावरचा भार उतरला. त्या पावसाळ्यात त्या गेल्या. याच घरात, भिंतीजवळच्या पलंगावर.

आता शेवटचं. ते सांगायला मी थोडी घाबरते आहे, पण रौप्यमहोत्सव आहे, म्हणून सांगते.

गेल्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूंचा विषय निघाला. विद्यापीठात नव्यानं आलेली एक परिचारिका, तिचा नवरा, लहान बाळ आणि तिचे आई-वडील. कुणीतरी म्हटलं, बाहेरची माणसं नकोत, वर्षभरात निघून जातात, सोसायटीचं वळण बिघडतं. विषय पुढच्या सभेवर गेला, आणि तोवर त्या कुटुंबानं दुसरीकडं घर बघितलं. कुठं, ते मी विचारलं. नदीकडच्या बाजूला, तळमजला.

नियम तुम्हाला माहीत आहे. आदर्श उपविधीप्रमाणे भाडेकरू ठेवायला संस्थेची परवानगी लागत नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलीस ठाण्यात माहिती द्यायची, आणि ना-वापर शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत घ्यायचं. पण मी नियमाचं बोलत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, तेव्हा याच सभागृहात सखल भागातली अकरा कुटुंबं आपण पाच दिवस ठेवली. तेव्हा कुणी विचारलं नाही की ही बाहेरची आहेत का. मग कोरड्या दिवसांत का विचारतो?

पंचवीस वर्षांपूर्वी इथं उसाचं रान होतं. आपण सगळेच कुठून तरी आलो. कुणी पाटणहून, कुणी खटाव-माणहून, कुणी मिरजेहून, आम्ही लातूरहून. विद्यापीठाच्या गावात दर जूनमध्ये कुणीतरी पेटी-बिस्तरा घेऊन उतरणार, आणि त्यांच्याही घरात एक म्हातारं माणूस असणार, ज्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

मुलीला मी फोनवर सांगितलं, ट्रेन, शाळा, भाडं, सगळे रकाने भर. पहिलं वर्ष भाड्यानंच राहा. जाऊन बघ, पावसात बघ. आणि आजीचा रकाना विसरू नकोस. रात्री काही झालं तर पळत कोण येईल? ती म्हणाली, "आई, तिथं कुणी ओळखीचंच नाही, तो रकाना भरणार कसा?" मी म्हटलं, "आपलाही रिकामाच होता. शिपाईमामांनी भरला."

त्या दूरदेशी कुणीतरी माझ्या लेकीच्या दारात पिठलं-भाकरीसारखं काहीतरी घेऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. पण ते मागायचा हक्क मला तेव्हाच येईल, जेव्हा माझ्या मजल्यावरची रिकामी सदनिका पुढच्या जूनमध्ये अशाच एका कुटुंबाला मिळेल. पुढच्या सभेत विषय पुन्हा येणार आहे. हात वर करताना एवढं आठवा.

वीस मिनिटांची पंचवीस झाली. पोरांनो, प्रसाद घ्या. रक्तदाब ज्यांचा वाढलाय त्यांनी उद्या सकाळी घरी या, नेहमीप्रमाणे.

गणपती बाप्पा मोरया!